ट्रायग्लिसराइड उतरवायचंय? आधी चहातली साखर बघा

रिपोर्टात ट्रायग्लिसराइड (रक्तातली एक चरबी) वाढलेलं दिसलं की बेळगाव-निपाणीकडच्या घरांत पहिली कुऱ्हाड भाकरीवरच्या तुपावर पडते. कुंदा, करदंट आणि दिवसभराचा गोड चहा मात्र सुखात असतो. हे उलटं झालं. तूप-डालडा मुख्यतः एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) वाढवतात; ट्रायग्लिसराइड यकृतात तयार होतं ते जादा साखर, मैदा आणि दारूमुळे.

आधी तपासणी नीट करा. 9 ते 12 तास उपाशी (पाणी चालतं), आधीचे तीन दिवस दारू नाही, आणि जत्रेच्या जेवणाच्या दुसऱ्या दिवशी रक्त द्यायला जाऊ नका. ट्रायग्लिसराइड 150 च्या (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) आत ठीक. 200 च्या वर असेल तर शुगर आणि थायरॉइडही बघून घ्या. 500 च्या वर स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका असतो. तिथे घरगुती प्रयोग नकोत, थेट डॉक्टर गाठा.

मग चहा. कपाला दोन चमचे धरले तर पाच कपांत 40 ग्रॅम साखर झाली. गूळ घातला म्हणून सुटका नाही, काकवीचंही तेच. एकादशीची साबुदाण्याची खिचडी तर निव्वळ स्टार्च.

ताटात भात निम्मा करा, हुलग्याची किंवा मुगाची उसळ दुप्पट वाढा. ज्वारीची भाकरी चांगलीच, पण तिसरी भाकरीही हिशेबात येते. चौघांच्या घरात महिन्याला दोन लिटर तेल पुरलं पाहिजे. कारवार-गोव्याचा बांगडा, तारली आठवड्यातून दोनदा खा, कालवण करून, तळून नव्हे. जवसाची चटणी जरूर खा, पण तिच्यातलं ओमेगा-3 (माशातही असणारी उपयोगी चरबी) वेगळ्या जातीचं, माशाची जागा ते घेत नाही.

पूरक गोष्टी शेवटी. इसबगोलाने एलडीएल थोडं उतरतं: रोज एका मोठ्या चमच्याने सुरुवात, आठवड्याने दोन. सोबत पेलाभर पाणी हवंच, नाहीतर घशात अडकतो. इतर गोळ्यांपासून दोन तास लांब ठेवा. फिश ऑइलच्या डबीवर 1000 मिलिग्रॅम लिहिलेलं असतं; मागची बाजू वाचा, ईपीए-डीएचए (माशातली ओमेगा-3) मिळून बहुधा 300 च. ट्रायग्लिसराइडवर परिणाम दिसायला ईपीए-डीएचए रोज 2 ते 4 ग्रॅम लागतात, म्हणून एका कॅप्सूलने काही हलत नाही. मोठा डोस मनाने घेऊ नका, हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात. रेड यीस्ट राइसमध्ये (लाल यीस्टवर आंबवलेला तांदूळ) स्टॅटिनसारखाच (कोलेस्टेरॉल उतरवणारं औषध) घटक असतो, तेव्हा स्टॅटिन चालू असेल तर तो टाळा. आणि स्टॅटिन स्वतःहून बंद करू नका.

वजन 5 ते 10 टक्के उतरलं तर ट्रायग्लिसराइड साधारण 20 टक्के घटतं. तीन महिन्यांनी पुन्हा तपासा, त्याच लॅबमध्ये.