एआरटी सेंटरला रुजू होताय? आधी फोन करायला शिका

पीजीची तयारी करताना हाताशी एखादी कंत्राटी नोकरी असावी, नाइट ड्यूटी नसावी, एवढ्याच हिशेबानं मी मराठवाड्यातल्या एका एआरटी सेंटरवर, म्हणजे एचआयव्हीच्या गोळ्या देणाऱ्या सरकारी केंद्रावर, मेडिकल ऑफिसर म्हणून रुजू झाले. ध्येयबिय काही नव्हतं. मुलाखतीत 'समाजसेवेची आवड' सांगितली, ती समोरच्यांनाही खरी वाटली नसावी. हे आधीच सांगते, कारण 'आपल्यात तेवढी तळमळ नाही' म्हणून या कामापासून लांब राहणारी बरीच पोरं मला भेटतात. या, चालतं. मीही अशीच आले.

दुसरी शंका असते ती बॅचमेटच्या टोमण्यातून आलेली. गोळ्या ठरलेल्या, प्रोटोकॉल नॅकोचा (राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेचा), मग यात डॉक्टरचं डोकं कुठे लागतं? आणि 'प्रतिबंध' म्हणजे तर पोस्टर आणि कंडोमचं खोकं. त्यांना एचपीटीएन ०५२ हा अभ्यास सांगा. जोडप्यातल्या एकाला एचआयव्ही, दुसऱ्याला नाही, अशी १,७६३ जोडपी त्यात होती, आणि पुण्याची 'नारी' ही एड्स संशोधन संस्थाही. २०११ मध्ये निष्कर्ष आला: लवकर उपचार सुरू केले तर जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी घटते. भारतात मात्र २०१७ पर्यंत आपण बहुतेकांचा सीडी४, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशींचा, आकडा खाली येण्याची वाट बघत होतो. आता निदान झालं की गोळी सुरू. म्हणजे तुमच्या टेबलावरून नियमित गोळी घेऊन जाणारा माणूस हाच प्रतिबंध, आणि गोळी सुटलेला माणूस शोधणं हे खरं काम.

मी पडले ते इथेच.

आमच्याकडे दसरा-दिवाळीनंतर रजिस्टर लाल व्हायला लागतं. तारीख उलटली, पेशंट नाही. पुढे त्याच्या नावापुढे 'एलएफयू' लागतं, लॉस्ट टु फॉलो-अप, म्हणजे उपचारातून हरवलेला. आढावा बैठकीत त्या आकड्यावरून बोलणी बसतात. पहिल्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मी यादी घेऊन बसले आणि स्वतः फोन लावायला लागले. एका बाईंच्या नंबरवर पुरुषाचा आवाज आला. मी म्हटलं, "एआरटी सेंटरमधून डॉक्टर बोलतेय. अमक्या बाईंच्या गोळ्या संपल्यात, त्यांना पाठवून द्या." तो "बरं" म्हणाला. मी रकान्यात 'संपर्क झाला' लिहिलं आणि पुढचा नंबर फिरवला.

तो नंबर मुकादमाचा, म्हणजे ऊसतोड मजुरांची टोळी नेणाऱ्याचा, होता. बाई आणि नवरा, एक कोयता (जोडप्याला तिथे असंच मोजतात), ऊसतोडीला गेले होते. घरात फोन नव्हता म्हणून नोंदणीच्या वेळी तोच नंबर दिलेला. आठवड्यात टोळीभर झालं. दोघांना फडावरून काढलं, वर उचल, म्हणजे आगाऊ दिलेले पैसे, परत मागितली. बाई आल्या थेट पावसाळ्यात, टीबी घेऊन, वजन ३४ किलो. ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "बाई, फोन कशाला केला वो?"

एचआयव्ही-एड्स कायदा २०१७ चा, लागू झाला १० सप्टेंबर २०१८ ला. संमतीशिवाय कुणाची स्थिती उघड करायची नाही, हे त्यात स्वच्छ लिहिलंय आणि मला ते पाठ होतं. पण मी 'एचआयव्ही' हा शब्द तरी कुठे उच्चारला होता? असंच मी स्वतःला कितीतरी दिवस समजावत होते. 'एआरटी' म्हटलं की झालं, गावाला अर्थ माहीत असतो.

म्हणून कंटाळा आला तरी हे वाचा. नोंदणीच्या दिवशी नुसता नंबर घेऊ नका. फोन कुणाचा, उचलतं कोण, घरात कुणाला माहीत आहे, कुठल्या वेळी लावायचा, आणि मी कोण म्हणून बोलू, हे सगळं पेशंटलाच विचारा आणि फाइलवर त्यांच्याच शब्दांत लिहा. दुसऱ्या आवाजाला निरोप द्यायचा नाही. "राँग नंबर लागला" म्हणून ठेवून द्यायचा. सेंटरचा नंबर ट्रूकॉलरवर काय नावानं दिसतो ते आजच तपासा. आमचा एका भल्या माणसानं संपूर्ण नावानिशी सेव्ह केला होता. खात्याची जीप घरासमोर उभी करायची नाही. व्हॉट्सअॅपवर तारखेची आठवण पाठवण्याआधी तो फोन कुणाकुणाच्या हातात असतो ते विचारा.

आणि मुळात फोनची वेळच का यावी? दसऱ्याआधी विचारा, "यंदा कुठल्या कारखान्याला?" तब्येत स्थिर असेल तर तीन महिन्यांच्या गोळ्या द्या, नाहीतर कारखान्याजवळच्या सेंटरला ट्रान्सफर करा. तो माणूस हरवलेला नसतो, पट्टा पडेपर्यंत, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपेपर्यंत, उसाच्या फडात असतो.

हे मला कुठल्या सरांनी शिकवलं नाही. सर १ डिसेंबरच्या, एड्स दिनाच्या, रॅलीत फोटोपुरते भेटले. शिकवलं आमच्या समुपदेशक ताईंनी आणि केअर कोऑर्डिनेटरनं, जो स्वतः पॉझिटिव्ह आहे. दोन दिवसांच्या ऑनलाइन सर्टिफिकेटांनी सीव्ही फुगवू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. एपिडेमिऑलॉजीत (साथरोगशास्त्रात) खरंच जायचं तर पीएसएममध्ये, म्हणजे सामाजिक वैद्यकशास्त्रात, एमडी करा, किंवा चेन्नईच्या एनआयई या साथरोग संस्थेचा दोन वर्षांचा एफईटीपी हा प्रत्यक्ष कामातून शिकवणारा अभ्यासक्रम बघा. पण त्याआधी एक वर्ष ओपीडीत काढा. पगार कमी आहे आणि दरवर्षी ऑर्डरची वाट बघावी लागते, ते खोटं सांगत नाही.

सुई टोचण्याची भीती सगळ्यांनाच असते. मलाही टोचली. धोका हजारात तीनच्या आसपास, आणि पेशंटचा व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) दबलेला असेल तर त्याहून बराच कमी. पीईपी, म्हणजे लागण टाळायच्या गोळ्या, शक्य तितक्या लवकर, ७२ तासांच्या आत, २८ दिवस. मळमळ झाली, दुसरं काही नाही. घरी मात्र सांगून ठेवा, आई रडते.

त्या बाई आता दुसऱ्या टोळीत आहेत, टीबी बरा झालाय. फाइलवर त्यांनी स्वतः सांगून लिहून घेतलंय: संध्याकाळी सातनंतर, भाची म्हणून. मागच्या महिन्यात लावला तर तिथल्या मुकादमानंच उचलला. "कोण?"

"भाची बोलतेय. मावशी हायेत का?"

"थांब, देतो."