‘ही सायकल जड चालते’ म्हणण्याआधी : तुलना करताना या चुका टाळा

काळी अठ्ठावीस इंची साधी सायकल, जाड टायरची गिअरवाली आणि पातळ टायरची हायब्रिड. या तिघींत वेगवान कोणती, आरामाची कोणती, कोणतीवर दम कमी लागतो, यावर गावागावात ठाम मते असतात. बहुतेक मते एका फेरीवर बनलेली असतात. त्या फेरीत एकीच्या चाकात हवा कमी असते, दुसरीची सीट खाली असते, तिसरीची चेन कोरडी असते. मग तुलना सायकलींची न होता त्यांच्या हेळसांडीची होते.

एकाच बाजूने जाऊन निकाल देणे

जून-जुलैत पश्चिमेकडून वारा सुटतो. त्याच्या पाठबळावर कोणतीही सायकल पळते. चाचणी सकाळी सहाच्या सुमारास, वारा पडलेला असताना घ्या. चालवणारा आणि रस्ता तोच ठेवा आणि जाऊन-येऊन अशी दोन्ही बाजूंची वेळ धरा. रस्त्याकडेच्या किलोमीटरच्या दगडांवर अडीच किलोमीटर जाऊन परत या. एका दगडापासून दुसऱ्यापर्यंत चार मिनिटे लागली, तर वेग ताशी १५ किलोमीटर. हाच वेग प्रत्येक सायकलवर राखायचा आणि २० मिनिटांनी उतरल्या-उतरल्या नाडी १५ सेकंद मोजून चारने गुणायची. वेग तोच आणि नाडी कमी, ती सायकल खरी हलकी. ‘मला बरी वाटली’ यापेक्षा हा आकडा भरवशाचा. फक्त दोन सायकलींमध्ये पुरता आराम घ्या.

हवा अंगठ्याने दाबून पाहणे

अंगठ्याला ३० पीएसआय (पंपाच्या गेजवर दिसणारे हवेच्या दाबाचे माप) आणि ५० पीएसआय यांतला फरक नीट कळत नाही. पायांना मात्र कळतो. वजन साधारण ६५ किलो असेल, तर डांबरी रस्त्यावर गिअरवालीच्या २६ × २.१० (व्यास × रुंदी, इंचांत) टायरला ४५ पीएसआयच्या आसपास हवा ठेवा आणि पांदणीवर ३०-३५. काळ्या सायकलच्या २८ × १½ टायरला पुढे ४५, मागे ५० चालते. टायरच्या कडेवर छापलेली मर्यादा मात्र ओलांडू नका. जुन्या पद्धतीच्या रबरी नळीच्या व्हॉल्व्हवर गेजचा आकडा नेमका येत नाही. मोटारसायकलसारखा व्हॉल्व्ह असलेली ट्यूब टाकून घेतली, की हा प्रश्न मिटतो.

उन्हाळ्यात टायर फुटेल या भीतीने लोक हवा निम्मी ठेवतात. हिशेब असा : २५ अंशांना भरलेली ५० पीएसआय हवा ४५ अंशांना जेमतेम ५४ होते. तेवढ्याने चांगला टायर फुटत नाही. उन्हात उभ्या सायकलच्या ट्यूबचा जुना पॅच सुटतो, कड झिजलेला टायर फाटतो, किंवा बसवताना रिमखाली चिमटलेली ट्यूब फुटते. सायकल लिंबाखाली लावा, हवा पुरती ठेवा. कमी हवेने सायकल जड होते आणि खड्ड्यात रिम ट्यूबला चावतो. शेजारी-शेजारी दोन छिद्रे दिसली, तर दोष काट्याचा नसून कमी हवेचा.

सीट खाली ठेवणे

दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत, हा आग्रह शिकणाऱ्यासाठी ठीक. रोज दहा किलोमीटर शाळेत जाणाऱ्या मुलीला तो गुडघेदुखी देतो. भिंतीला टेकून उभे राहा, दोन्ही मांड्यांमध्ये अगदी वर वही घट्ट धरा, जमिनीपासून वहीच्या वरच्या कडेपर्यंतचे माप घ्या आणि ०.८८ ने गुणा. ७८ सेंटीमीटर आले, तर पायडलच्या मधल्या आसापासून सीटच्या माथ्यापर्यंत सुमारे ६९ सेंटीमीटर हवे. टेप नसेल तर टाच खालच्या पायडलवर ठेवा, पाय सरळ झाला पाहिजे. चवड्याने पायडल मारताना गुडघा मग आपोआप थोडा वाकलेला राहतो. सीटची दांडी फ्रेममध्ये किमान किती आत राहावी, याची रेघ दांडीवर असते. ती बाहेर दिसू लागली, तर दांडी लांब घ्या, नाहीतर फ्रेमला तडा जातो.

गिअर आहेत, पण एकाच गिअरवर चालवणे

सर्वांत मोठा घोळ इथे होतो. काळ्या सायकलला पुढे ४४ आणि मागे १८ दाते असले, तर पायडलच्या एका फेऱ्यात ती साडेपाच मीटरच्या आत-बाहेर जाते. ताशी १५ किलोमीटरला मिनिटाला सुमारे ४६ फेरे. गिअरच्या सायकलवर पोरे पुढे ४२ आणि मागे १४ लावून निघतात. तिथे एक फेरा म्हणजे सव्वासहा मीटर. म्हणजे काळीपेक्षाही जड गिअर ओढायचा आणि वर म्हणायचे, ‘गिअरवाली जड जाते.’ त्याच वेगाला पुढचे मधले ३४ आणि मागचे मधले २० दाते लावा. मिनिटाला ७० फेरे होतात आणि मांडी भरून येत नाही. सपाटीवर ७० ते ८० फेरे धरा.

चढ लागण्याआधी गिअर हलका करा. पायाचा पुरा जोर असताना बदलला, तर चेन घसरते किंवा अडकते. पुढची सर्वांत मोठी आणि मागचीही सर्वांत मोठी दातेरी चकती एकत्र लावू नका, चेन तिरकी ओढली जाऊन लवकर झिजते. परतवाड्याहून सुमारे १,१०० मीटर उंचीच्या चिखलदऱ्याकडे जाताना मात्र गिअरवालीला तोड नाही. काळी तिथे हातात धरून चालवावी लागते.

सस्पेन्शन म्हणजे आराम, असे समजणे

स्वस्त सायकलीचे पुढचे-मागचे स्प्रिंग दोन-तीन किलो वजन वाढवतात आणि मागचे स्प्रिंग पायडलच्या प्रत्येक दाबाबरोबर खाली-वर होऊन ताकद खाते. उखडलेल्या गिट्टीवर खरा आराम रुंद टायर आणि बेताची हवा देतात. काळीचा आराम तिची लांब बांधणी, मोठे चाक आणि स्प्रिंगच्या सीटमुळे आहे. आमच्या मते रोजच्या वापराला साधा फोर्क (पुढचा बिनस्प्रिंगचा चिमटा) आणि कमी नक्षीचा २६ × १.९५ टायर घ्यावा. डांबरावर घुंइ-घुंइ करणारी खोल नक्षी वेग खाते. सायकल तीच ठेवून नुसते टायर बदलले, तरी फरक पडतो. पातळ टायरची हायब्रिड गुळगुळीत डांबरावर मस्त पळते, मुरुमावर तिची हौस फिटते.

दोष शोधायचा क्रम

सायकल अचानक जड झाली तर आधी चाक उचलून फिरवा. खर्र आवाज आला, तर ब्रेकचा गुटका रिमला घासतो, किंवा आरे सैल पडून रिम वाकली आहे. आवाज नाही पण चाक लवकर थांबते, तर कोन (आसावरचा, छर्र्यांना धरणारा नट) जास्त आवळला गेला आहे, किंवा छर्रे सुकलेत. कोन पाव फेरा सैल करून पाहा, पण चाक बाजूने डगमगू नये. मग चेन. ट्रॅक्टरचे काळे, वापरलेले ऑइल धूळ पकडते आणि चेन खाते. प्रत्येक कडीवर शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब टाका, दहा मिनिटांनी कापडाने पुसा.

पंक्चर काढताना टायरच्या आतून कापड फिरवा. सराटा किंवा बाभळीच्या काट्याचे टोक कापडाला अडकते. ते न काढता ट्यूब बसवली, तर पुढच्या नाल्याआधीच पुन्हा पंक्चर होईल.

पावसात काळ्या मातीत शिरलात तर खाली उतरा. मडगार्ड आणि टायर यांच्यात चिखल भरला, की पऱ्हाटीच्या काडीने काढत-काढतच पुढे जावे लागते. जोर लावून पायडल मारले, तर गिअरवालीचा मागचा, चेन सरकवणारा गिअर वाकून आऱ्यात जातो. अशा वाटेला गिअर नसलेली, मडगार्ड उंच बसवलेली सायकल बरी.

आणि मागे दुधाच्या कॅन लावून तुलना करायची असेल, तर सीटच्या दांडीला आवळलेले हलके कॅरिअर धरू नका. भार कॅरिअरच्या पायांतून थेट मागच्या आसावर उतरला पाहिजे.