कानातला मळ काढताना या चुका टाळा

मी कान-नाक-घशाची डॉक्टर, कोकणात प्रॅक्टिस करते, आणि दिवसातला निम्मा वेळ लोकांच्या कानात डोकावण्यातच जातो. पेशंट बदलतात, डायलॉग तोच. "डॉक्टर, कान तर रोज साफ करतो, तरी दडा बसला." अहो, रोज साफ करताय म्हणूनच बसला! हे इतक्या वेळा बोलून झालंय की हल्ली आमची रिसेप्शनवरची मुलगीच माझ्याआधी सांगून मोकळी होते.

मुळात मळ म्हणजे घाण नव्हे. मोठ्या माणसाच्या कानाची नळी साधारण अडीच सेंटिमीटर लांब असते आणि मळ बनवणाऱ्या ग्रंथी तिच्या फक्त बाहेरच्या एक तृतीयांश भागात असतात. आतल्या भागात हाडावर पातळशी कातडी, बास, तिथे मळ तयारच होत नाही. मळ जरासा आम्लधर्मी आणि चिकट असतो, त्यामुळे धूळ, पाणी, जंतू, बुरशी सगळ्यांना अडवतो. शिवाय नळीतली कातडी पडद्यापासून बाहेरच्या बाजूला हळूहळू सरकत असते, साधारण नखं वाढतात त्या वेगाने, त्यात आपण जेवताना-बोलताना जबडा हलतो त्याचाही हातभार लागतो, आणि मळ सुकून आपोआप बाहेर पडतो. म्हणजे पडद्याला टेकून बसलेला मळाचा गोळा दिसला की समजायचं, हा इथे कोणीतरी ढकललाय. कोणी ते विचारायची गरज पडत नाही, बहुतेक वेळा खिशात किल्ली असतेच.

बड, किल्ली आणि आता कॅमेरा

बडच्या पाकिटावर स्पष्ट लिहिलेलं असतं की कानाच्या नळीत घालू नका. कोणी वाचत नाही. बडने थोडासा मळ कापसाला लागतो तो दिसतो आणि समाधान वाटतं, बाकीचा आत ढकलला जातो तो दिसत नाही. बड निदान मऊ तरी असतो, माझ्याकडे येणारे लोक हेअरपिन, काडेपेटीची काडी, पेनचं टोपण, हिराची काडी, आजीच्या पेटीतलं चांदीचं कानकोरणं, काय वाट्टेल ते वापरतात. रेल्वे स्टेशनबाहेर लाल टोपी घालून कान साफ करणारे बसतात त्यांच्याबद्दल तर बोलतच नाही, एकच सळई सकाळपासून संध्याकाळपर्यंत किती कानांत जाते याचा विचार ज्याचा त्याने करावा.

हल्लीचं नवीन खूळ म्हणजे मोबाईलला जोडायचा कॅमेरावाला कानकोरणा. "मॅडम, बघून काढतो, अंदाजाने नाही." अरे पण त्या एका कॅमेऱ्याला खोली कळत नाही, स्क्रीनवर मळ आणि पडदा एकाच पातळीवर दिसतात, वरून चित्र इतकं मोठं दिसतं की दोन मिलिमीटरची खपली डोंगराएवढी वाटते आणि माणूस ती काढल्याशिवाय उठत नाही. त्यात घरातलं लहान पोर येऊन कोपराला धडकलं की संपलं. असे फाटलेले पडदे मी बघितलेत. लहान भोक असेल आणि कान कोरडा ठेवला तर बहुतेक वेळा काही आठवड्यांत आपोआप भरून येतं, पण ते काही आठवडे त्या माणसाला विचारा कसे जातात.

(कान कोरताना खोकला येतो ना? त्या भागाला व्हेगस नावाच्या नसेची फांदी जाते, तीच नस घशाकडेही जाते, म्हणून. दमा वगैरे काही नाही. काडी बाहेर काढा, थांबेल.)

तेल, आणि मग मेडिकलवाल्याचे थेंब

आता माझ्या सगळ्यात नावडत्या विषयावर येते. कोकणात खोबरेल तेल ही औषधाच्याही वरची गोष्ट आहे, त्यामुळे इथे बोलायची चोरी, पण बोलणारच.

एक बागायतदार काका आले होते, श्रावण चालू होता. मधुमेह होता, साखर कशीबशी कंट्रोलमध्ये. दर रविवारी लसूण घालून कडवलेलं तेल दोन्ही कानांत, वर्षानुवर्षं. पावसात कान खाजायला लागला, म्हणून बड. बडने अजून खाज, म्हणून अजून तेल. मग मेडिकलमधून थेंब आणले, त्यात अँटिबायोटिक आणि स्टिरॉइड दोन्ही. पहिले काही दिवस एकदम आराम, कारण स्टिरॉइडने सूज आणि खाज दबते. मग जास्तच. मग तीच बाटली परत. शेवटी ठणका लागला, ऐकू येईना, आणि गणपतीला मुंबईहून पोरं येणार, आरतीला कान चालू पाहिजेत म्हणून काकूंनी धरून आणलं.

मायक्रोस्कोपखाली बघितलं तर नळी भरून ओल्या वर्तमानपत्राचा लगदा, त्यावर काळे काळे ठिपके. ॲस्परजिलस नायजर, म्हणजे काळी बुरशी. उबदार, अंधारी, ओलसर जागा, तेल आणि ओरखडे आयते मिळालेले, वर अँटिबायोटिकने बुरशीशी जागेसाठी भांडणारे जिवाणू मारून टाकले आणि स्टिरॉइडने शरीराचा तिथला प्रतिकारही शांत केला. बुरशीला अजून काय पाहिजे? सक्शनने, म्हणजे बारीक नळीने ओढून, साफ करायला परत परत बोलावलं, बुरशीवरचे क्लोट्रिमाझोलचे थेंब दिले आणि पाणी पूर्ण बंद. काका बरे झाले, आरतीला उभे राहिले. आणि शेवटच्या दिवशी दारातून मागे वळून विचारतात, "मग तेल कधीपासून चालू करू?"

मधुमेह असलेल्यांना जरा दम देऊनच सांगते, कारण त्यांच्या बाबतीत सुडोमोनास नावाच्या जंतूचं इन्फेक्शन नळीतून कवटीच्या तळाच्या हाडापर्यंत पसरू शकतं. रात्री झोपू न देणारा कानाचा ठणका असेल तर घरगुती काही न करता थेट दाखवायला या.

माझी स्वतःची सवय विचाराल तर कानाला तेल नाही, बड नाही. आंघोळीनंतर टॉवेलचं टोक बाहेरच्या पाळीला फिरवायचं, झालं. ज्यांना वारंवार बुरशी होते त्यांना सांगते, डोक्यावरून पाणी घेताना कापसाच्या बोळ्याला थोडं व्हॅसलिन लावून कानाच्या तोंडाशी ठेवा, आत खुपसू नका. विहिरीत सूर मारणाऱ्या पोरांना तर पावसाळ्यात मी ओळखीनेच ओरडते. आणि बाळाला मालिश करायला येणाऱ्या बाईंना तेल डोक्यापुरतंच ठेवायला सांगा, कानात-नाकात नाही, भले त्या रागावू देत.

पिचकारी, आणि थंड पाणी

कानात पाण्याची पिचकारी मारून मळ काढणं ही पद्धत चुकीची नाही. नीट केली तर छान काम करते. पण ती नीट करायला चार गोष्टी लागतात आणि नेमक्या त्याच चार लोक घाईत सोडतात.

एक गृहस्थ आले होते, आतल्या गावातले. थंडीचे दिवस, सकाळची वेळ, एका दवाखान्यात कंपाउंडरने टेबलावरच्या जगमधलं पाणी सिरिंजमध्ये भरलं आणि सुरू. दुसऱ्या पिचकारीला खोली गरगरा फिरायला लागली, गृहस्थ स्टुलावरून खाली, उलटी, दरदरून घाम. बायको म्हणाली हार्ट अटॅक. जीपमध्ये घालून तालुक्याला नेलं, ईसीजी काढला, नॉर्मल. तोपर्यंत चक्कर थांबलीसुद्धा होती. पुढच्या आठवड्यात माझ्याकडे आले कारण कानाला दडा तसाच! मी बघितलं तर मळ जसाच्या तसा, नळीच्या भिंतीवर मात्र सिरिंजच्या टोकाचा ओरखडा आणि सुकलेलं रक्त.

झालं काय, तर कानाच्या आत तोल सांभाळणाऱ्या नळ्या असतात, त्यातला द्रव बाहेरच्या थंड किंवा गरम पाण्याने हलतो आणि मेंदूला वाटतं डोकं फिरतंय. व्हिएन्नामधल्या रॉबर्ट बारानी या डॉक्टरच्या हे पेशंटचे कान धुतानाच लक्षात आलं होतं, आणि तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेवरच्या कामासाठी त्यांना १९१४ चं नोबेल मिळालं. आजही चक्करच्या तपासणीत आम्ही मुद्दाम ३० आणि ४४ डिग्रीचं पाणी सोडून चक्कर आणतो. म्हणजे शरीराच्या तापमानापेक्षा फक्त सात डिग्री इकडेतिकडे! हिवाळ्यातलं जगमधलं पाणी किती असेल हिशोब करा. पाणी ३७ डिग्रीच्या आसपासच पाहिजे, आणि थर्मामीटर असला तरी मी आधी स्वतःच्या मनगटावर थेंब टाकून बघतेच, तान्ह्या बाळाच्या दुधासारखं.

बाकीच्या तीन गोष्टी. मोठ्यांचा कान वर आणि मागे ओढायचा (लहान मुलांचा खाली आणि मागे) म्हणजे नळी सरळ होते. धार पडद्यावर नाही, वरच्या-मागच्या भिंतीवर मारायची, पाणी मळाच्या मागे जाऊन त्याला बाहेर लोटतं. आणि धातूची मोठी सिरिंज असेल तर तिचं टोक घट्ट पिळलंय ना हे बघायचं, नाहीतर ते सुटून आत जाऊ शकतं.

ज्यांचा कान कधी फुटलाय, वाहतोय, ऑपरेशन झालंय, पडद्यात भोक आहे किंवा ज्यांना एकाच कानाने ऐकू येतं, त्यांच्या त्या कानात पिचकारी मारायचीच नाही. कोणी न विचारता सिरिंज उचलली तर तुम्ही स्वतः सांगा. नाही ऐकलं तर उठून या. मी स्वतः बहुतेक वेळा मायक्रोस्कोपखाली सक्शनच करते, समोर दिसत असतं, पाणी लागत नाही. आवाज मोठा येतो, क्षणभर गरगरू शकतं, पण मान हलवली नाही तर काही मिनिटांचं काम असतं. मान हलवणाऱ्यांचं मात्र अर्धा तास चालतं.

"आजच काढा, उद्या मुंबईला जायचंय"

दगडासारखा कडक मळ आजच्या आज ओढायचा म्हणजे रक्त आणि रडारड. आधी मऊ करणारे थेंब, दिवसातून दोन-तीनदा, चार-पाच दिवस. थेंब घातल्यावर कुशीवर पाच मिनिटं पडून राहायचं, लगेच उठून मोबाईल बघत फिरायचं नाही. मळ फुगल्यामुळे मधल्या काळात कान जास्तच बंद वाटतो, यावर घाबरून फोन करणारे खूप, म्हणून मी चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहूनच देते की आधी वाढेल, मग कमी होईल. आणि हो, थेंबांची बाटली फ्रिजमधून काढून थेट कानात नाही, मुठीत धरून कोमट करा. का ते वर वाचलंतच.

प्रत्येक दडा मळाचा नसतो

हे वाचणाऱ्याने बाकी सगळं विसरलं तरी चालेल. सकाळी उठल्यावर अचानक एका कानाने ऐकू येईना, कानात शिट्टी वाजतेय, सर्दी नाही, दुखत नाही. लोक म्हणतात मळ असेल, आणि तीन आठवडे थेंब घालत बसतात. मी बघते तेव्हा नळी लख्ख साफ, आणि ऑडिओग्रामवर (ऐकण्याच्या तपासणीचा आलेख) ऐकण्याची नस गेलेली. अचानक बसलेल्या नसेवर स्टिरॉइडचा उपयोग पहिल्या काही दिवसांत, फार तर दोन आठवड्यांच्या आत सुरू केलं तर होण्याची शक्यता जास्त. तीन आठवड्यांनी आलेल्या माणसाला काय सांगायचं?

घरी एक करून बघता येतं. तोंड मिटून "हं..." असा लांब आवाज काढा. दडा बसलेल्या कानात आवाज मोठा घुमला तर मळ, सर्दी अशा अडथळ्याची शक्यता जास्त. चांगल्या कानाकडे गेला तर त्याच दिवशी कानाच्या डॉक्टरकडे. अर्थात हा अंदाज झाला, तपासणी नाही, कळलं नाही तरी त्याच दिवशीच या.

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी डॉल्बीपुढे नाचून आलेली पोरं पण "मॅडम मळ काढा" म्हणत येतात. मळ नसतो रे, कान वाजतायत. शांत ठिकाणी राहा, दोन दिवसांत उतरलं नाही तर तपासून घ्या.

उरलेल्या, एकेका ओळीत

कानात मेणबत्ती लावून मळ "ओढून" काढणं बोगस आहे, शेवटी दिसतं ते मेणबत्तीचंच मेण असतं, आणि भाजतं ते वेगळं.

हायड्रोजन पेरॉक्साइड फसफसतं म्हणून रोज ओतू नका, कातडी चिडते.

जिवंत किडा गेला तर चिमटा घेऊन मागे लागू नका, कुशीवर झोपवून थोडं कोमट तेल घाला, किडा मरतो, मग तो काढायला आमच्याकडे या. (हो, इथे तेल चालतं. पडद्याला भोक नसेल तर.)

पोराने चणा, वाल, चिंचोका घातला तर पाणी अजिबात नाही, फुगतो. खेळण्यातला बटणासारखा सेल घातला तर काहीही न टाकता तडक हॉस्पिटल, काही तासांत आतली कातडी जाळतो.

कानाचं मशीन वापरणाऱ्या आजी-आजोबांचं मशीन "बिघडलं" की आधी कान आणि मशीनची जाळी बघा, बहुतेक वेळा मळच अडकलेला असतो. मशीन बाहेर येणाऱ्या मळाच्या वाटेतच बसतं, त्यामुळे त्यांनी सहा महिन्यांनी एकदा कान दाखवलेला बरा.

आणि दाखवायला येताना आधी वापरलेल्या थेंबांची बाटली घेऊन या. "पांढरी बाटली होती, निळं झाकण" यावरून मला काहीही कळत नाही, माझ्याच कपाटात तशा अर्धा डझन आहेत.