जपानमधील ऐतिहासिक बागांची निवड कशी करावी

जपानमधील ऐतिहासिक बागांपैकी कोणती पाहावी, हा प्रश्न अनेक प्रवासी ‘तीन नामवंत बागां’ची यादी हाती घेऊन सोडवतात. कानाझावाची केनरोकुएन, ओकायामाची कोराकुएन आणि मितोची काइराकुएन अशी ती यादी आहे. परंतु ही शहरे एकमेकांपासून इतकी दूर आहेत की तिन्ही एकाच दौऱ्यात बसवू पाहणाऱ्याचा बराचसा वेळ रेल्वेतच जातो. म्हणून यादी बाजूला ठेवून, बाग बसून पाहायची आहे की चालत, हे आधी ठरवावे.

बसून पाहायच्या बागेचा नमुना म्हणजे क्योटोच्या र्योआनजी मंदिरातील कोरडी बाग. तेथे पांढऱ्या खडीच्या आयतात 15 दगड मांडलेले आहेत आणि ओसरीवर कोठेही बसले तरी त्यांपैकी किमान एक नजरेआड राहतो. अशा बागेला शांतता लागते, त्यामुळे दार उघडताच पोहोचणे शक्य नसेल, तर तिची निवड न केलेली बरी.

चालत पाहायच्या बागा मुख्यतः एदो काळातील (1603–1868) सरदारांनी तळ्याभोवती रचल्या. वाट मुद्दाम वळवलेली असते; एका वळणावर पूल दिसतो, पुढच्या वळणावर तो झाडीमागे लपतो. लहान मुले सोबत असतील किंवा एका जागी बसवत नसेल, तर हाच प्रकार निवडावा. टोकियोत असे तीन उत्तम पर्याय आहेत. कोइशिकावा कोराकुएनचे काम 1629 मध्ये सुरू झाले. रिकुगिएन 1702 मध्ये पूर्ण झाली आणि तिची रचना वाका या पारंपरिक जपानी लघुकाव्यातील स्थळांवर बेतलेली आहे. तिसऱ्या, हामारिक्यूच्या तळ्यात समुद्राचे पाणी येते. टोकियो उपसागराच्या भरती-ओहोटीप्रमाणे झडप उघडून पाण्याची पातळी बदलली जाते, त्यामुळे सकाळी पाण्याखाली असलेला काठ दुपारी उघडा पडलेला दिसू शकतो. टोकियोत एकाच बागेपुरता वेळ असेल, तर मी हामारिक्यू सुचवेन.

यानंतर ऋतूचा विचार करावा, कारण काही बागा एका ऋतूसाठीच घडवल्यासारख्या आहेत. मितोचे सरदार तोकुगावा नारिआकी यांनी 1842 मध्ये उभारलेल्या काइराकुएनमध्ये सुमारे 100 जातींची 3,000 उमे (जपानी प्लम) झाडे आहेत. फेब्रुवारी-मार्चमधील बहर साधत नसेल, तर केवळ या बागेसाठी मितोला जाऊ नये. उलट केनरोकुएन हिवाळ्यातही पाहण्यासारखी असते, किंबहुना माझ्या मते तेव्हाच ती सर्वांत सुंदर दिसते. जपान समुद्राकडील बर्फ ओला आणि जड असल्याने झाडांच्या फांद्या मोडतात. त्यासाठी 1 नोव्हेंबरपासून पाइनच्या बुंध्याशेजारी उंच खांब रोवून त्याच्या टोकापासून प्रत्येक फांदीला दोर बांधण्यास सुरुवात होते. पूर्ण झालेले काम उघडलेल्या छत्रीच्या काड्यांसारखे दिसते आणि बर्फ पडण्यापूर्वीही ते पाहण्याजोगे असते.

कुंपणापलीकडे काय दिसते, हेही विचारात घ्यावे. दूरचा डोंगर बागेच्या दृश्यात सामावून घेण्याच्या पद्धतीला ‘शाक्केई’, म्हणजे उसने घेतलेले दृश्य, म्हणतात. ताकामात्सुच्या रित्सुरिन बागेमागे शिउन डोंगराची हिरवी भिंत उभी आहे, तर टोकियोच्या बागांमागे उंच इमारती आणि कोइशिकावामागे क्रीडागृहाचा पांढरा घुमट दिसतो. ते खटकत असेल, तर ताकामात्सुपर्यंतचा प्रवास करावा. रित्सुरिन ‘तीन नामवंत बागां’च्या यादीत नसली, तरी मला ती त्यांच्यापेक्षा कमी वाटत नाही.

क्योटोचा कात्सुरा राजवाडा आणि शेवाळासाठी प्रसिद्ध असलेले साइहोजी मंदिर यांसाठी नोंदणी आधीच करावी. हामारिक्यू, रिकुगिएन आणि कोइशिकावा सर्वसाधारणपणे सकाळी 9 ते संध्याकाळी 5 या वेळेत उघड्या असतात आणि 4:30 नंतर प्रवेश मिळत नाही. टोकियोतीलच शिंजुकू ग्योएन ही बाग एरवी सोमवारी बंद असते आणि तेथे मद्य नेता येत नाही. चेरीच्या झाडाखाली चटई अंथरून मित्रांसोबत खाण्यापिण्याचा बेत असेल, तर 1873 मध्ये सार्वजनिक उद्यान म्हणून जाहीर झालेले टोकियोतील उएनो निवडावे. तेथे प्रवेशशुल्क नाही आणि संध्याकाळीही जाता येते.