सोशल वर्कमध्ये नवीन असाल तर सेफगार्डिंगचं हे आधी समजून घ्या

सेफगार्डिंग म्हणजे आपण ज्यांच्यासाठी काम करतो त्यांना छळ, दुर्लक्ष आणि गैरफायद्यापासून जपणं. कॉलेजात ते एखाद्या लेक्चरमध्ये उरकतात, पण फील्डवर आलं की रोज त्याच्याशीच गाठ पडते. आपण ज्यांच्याकडे जातो ती लहान मुलं, एकटे पडलेले म्हातारे, दिव्यांग, मानसिक आजार असलेली माणसं, घरात मार सोसणाऱ्या बायका, हे सगळे कुणावर तरी अवलंबून असतात, आणि बऱ्याचदा त्रास देणाराही तोच असतो ज्याच्यावर ते अवलंबून आहेत. शिवाय भेटीच्या वेळी दार उघडतो तोच आणि चहापाणी विचारतो तोच. म्हणून नवीन येणाऱ्या प्रत्येकाला मी पहिलं हेच सांगते की माणसाला एकट्यात भेटा, त्याच्या तोंडून ऐका.

एका आजींची केस होती (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत). मी काहीही विचारलं की उत्तर मुलगा द्यायचा, जेवतात, झोपतात, सगळं मजेत आहे, फक्त आता त्यांना काही कळत नाही. फाइलमध्येही "विसरभोळ्या" असंच लिहिलेलं. मग एकदा गोळ्या बघायला म्हणून कपाटाचा खण उघडला तर त्यात कानाचं मशीन पडलेलं, सेल संपलेले. म्हणजे आजींना प्रश्न ऐकूच येत नव्हते हो! सेल घातले आणि पुढच्या भेटीला नर्सताईंनी मुलाला औषधांचं समजवायला बाहेर बसवलं तेव्हा आजी नीट, सलग बोलल्या, बँकेचं कार्ड मुलाकडे आहे, पैसे मागितले की अंगावर ओरडतो, दोन दोन दिवस बोलत नाही. आणि शेवटी माझा हात धरून म्हणाल्या, कुणाला सांगू नकोस हं बाळा.

इथे भल्याभल्यांचा पाय घसरतो. जीव तुटतो आणि तोंडातून "नाही सांगणार" निघून जातं. प्लीज असं वचन देऊ नका, कारण ते पाळता येत नाही आणि मोडलं की ती व्यक्ती पुन्हा कुणाशीच बोलत नाही. मी सरळ सांगते, "हे मला माझ्या मॅडमना सांगावं लागेल, पण कुणाला सांगतेय आणि का, ते आधी तुम्हाला सांगेन." लहान मुलाच्या बाबतीत तर प्रश्नच नाही, कळवायचंच. मोठ्या माणसाचं जरा नाजूक असतं, तो शुद्धीत आहे, परिणाम समजतायत आणि तरी नको म्हणतोय तर त्याच्या म्हणण्याला किंमत आहे, आपल्याला पटलं नाही तरी. पण जिवाला धोका असेल, घरात मुलं असतील किंवा तो दबावाखाली नको म्हणतोय असं दिसत असेल तर पुढे जावंच लागतं. हा निर्णय एकट्याने घेऊ नका, त्यासाठीच सुपरवायझर असतात.

विचारताना उत्तर तोंडात घालायचं नाही. "बाबांनी मारलं का?" नाही, "हे कसं झालं?" एवढंच. आणि मूल एकदा बोललं की तेच तेच खोदत बसू नका, चौकशी करणारे वेगळे लोक असतात, आपण घोळ घातला तर पुढे केसच कमकुवत होते. ज्याच्यावर संशय आहे त्याला जाऊन जाब तर अजिबात विचारायचा नाही, आपण निघून येतो आणि राग त्या घरातल्या माणसावर निघतो. धोका आत्ताच्या आत्ता असेल तर आधी पोलीस किंवा अ‍ॅम्ब्युलन्स, कागद नंतर.

नोंद त्याच दिवशी करा. तारीख, वेळ, खोलीत कोण होतं, आणि व्यक्तीचे शब्द जसेच्या तसे. "वडील व्यसनी वाटतात" हे तुमचं मत झालं, "दारूचा वास येत होता, बोलताना जीभ अडखळत होती" ही नोंद.

हे सगळं एवढं ताणून का सांगतेय? लंडनमध्ये फेब्रुवारी 2000 मध्ये व्हिक्टोरिया क्लिंबी ही 8 वर्षांची मुलगी सांभाळणाऱ्यांच्याच छळाने गेली. समाजसेवा विभाग, पोलीस, हॉस्पिटल सगळ्यांना ती माहीत होती. 2003 च्या लॉर्ड लॅमिंग यांच्या चौकशी अहवालात म्हटलंय की तिला वाचवता आलं असतं अशा किमान 12 संधी हुकल्या. अंगावरच्या खुणा खरजेच्या आहेत असं एका ठिकाणी ठरलं आणि ते पुढे तसंच चालत राहिलं, एकीकडची माहिती दुसरीकडे नीट पोचली नाही, आणि खुद्द मुलीशी निवांत बोलणं जवळपास झालंच नाही. 1989 च्या बालहक्क कराराच्या कलम 12 मध्ये मुलाचं म्हणणं ऐकून घेण्याचा हक्क आहे, कलम 19 मध्ये छळापासून संरक्षणाचा, परीक्षेला आपण दोन्ही वेगवेगळे पाठ करतो पण ही केस वाचली की ते एकमेकांत किती गुंतलेत ते दिसतं.

आता आपल्या बाजूचं. मदत देणाऱ्याच्या हातात सत्ता असते, त्याचा गैरवापर आपल्यातलेही करतात. म्हणून तर संयुक्त राष्ट्रांनी 2003 मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांसाठी नियम केला की मदतीच्या बदल्यात शरीरसंबंध नाही, 18 खालच्या कुणाशी तर नाहीच, स्थानिक कायदा काहीही म्हणो. आपल्या पातळीवर म्हणजे स्वतःच्या फोनमध्ये केसचे फोटो नकोत, उसने पैसे देणं-घेणं नको, रात्री पर्सनल चॅट नको, कितीही आपलेपणा वाटला तरी. सहकाऱ्याचं वागणं खटकलं तर तेही याच प्रोसेसने कळवायचं, सीनियर असला तरी.

जॉइन होतानाच तीन गोष्टी विचारून घ्या, सेफगार्डिंगची जबाबदारी कुणावर आहे, ऑफिस बंद असताना फोन कुणाला करायचा, आणि तक्रार त्याच माणसाबद्दल असेल तर कुणाकडे जायचं. तिसऱ्या प्रश्नाला टाळाटाळ झाली तर लेखी मागा, आणि नाहीच मिळालं तर तिथे काम घ्यायचं की नाही याचा नीट विचार करा.