लो-प्रोफाइल टायरची गाडी हिवाळ्यात डोंगरात नेताना : या चुका टाळा

नाताळच्या सुट्ट्या जवळ आल्या की बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागांतील गाड्या घाटांकडे वळू लागतात. कुणी जांबोटी-कणकुंबीवरून चोर्ला उतरून गोव्याला जातो, कुणी शिनोळीमार्गे आंबोलीला, आणि अलीकडे दोन हजारांहून अधिक किलोमीटर गाडी चालवत थेट मनाली गाठणारे एखादे कुटुंब प्रत्येकाच्या ओळखीत असते. आपल्या घाटांत हिवाळा म्हणजे पहाटेचे धुके, दवाने ओला झालेला डांबरी रस्ता आणि पावसाळ्याने मागे ठेवलेले खड्डे. बर्फाशी आपल्या चालकांचा संबंध येतच नाही. म्हणूनच जी गाडी चोर्ल्यात निर्धास्त चालते ती मनालीजवळच्या सोलंगच्या चढावरही चालेल असे गृहीत धरले जाते, आणि त्यातच त्या गाडीला हौसेने बसवलेली सतरा इंची अलॉय (मिश्रधातूची) चाके व पातळ, म्हणजे लो-प्रोफाइल टायर असतील तर त्रास दुपटीने वाढतो.

टायरवर २१५/४५ आर १७ असे लिहिलेले असते तेव्हा २१५ ही मिलिमीटरमधील रुंदी असते आणि ४५ हा आकडा साइडवॉलची, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची, उंची रुंदीच्या किती टक्के आहे ते सांगतो; १७ हा रिमचा, म्हणजे टायर ज्यावर बसतो त्या धातूच्या चाकाचा, इंचांतील व्यास असतो. म्हणजे या टायरची साइडवॉल जेमतेम ९७ मिलिमीटर भरते. त्याच गाडीला कंपनीने १९५/६५ आर १५ दिला असेल तर ती उंची सुमारे १२७ मिलिमीटर असते. चाकाचा बाहेरचा एकूण व्यास जवळपास तेवढाच राहतो. कमी होते ती रिम आणि रस्ता यांच्यामधली तीन सेंटिमीटरची हवा व रबर. खड्ड्याचा, बर्फाखाली दडलेल्या दगडाचा किंवा गोठलेल्या चाकोरीच्या कडेचा दणका सोसण्याचे काम हेच तीन सेंटिमीटर करत असतात. पुढे सांगितलेल्या बहुतेक चुकांचे मूळ या वजाबाकीत आहे.

मूळ चाके माळ्यावर ठेवून निघणे

ही सर्वांत मोठी चूक आहे, आणि ती टाळायला सहसा एक रुपयाही लागत नाही. अलॉय बसवल्यावर कंपनीची पंधरा इंची चाके अनेकांच्या घरी माळ्यावर किंवा गच्चीवर पडून असतात. ज्या देशांत दर वर्षी बर्फ पडतो तेथे हिवाळ्यासाठी मुद्दाम लहान रिम आणि उंच साइडवॉलचे टायर वापरण्याची पद्धत आहे, कारण अरुंद टायर मऊ बर्फात अधिक खोल रुततो व पकड घेतो, उंच साइडवॉल दणका गिळते आणि साखळी बसवायलाही जागा उरते. आपण मात्र नेमके उलटे करतो : लांबच्या प्रवासाला निघायचे म्हणून आधी गाडी सजवतो.

मूळ चाके परत बसवताना तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली म्हणजे टायरचे वय. साइडवॉलवर डॉट या अक्षरांपासून सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार अंक असतात. ३५१७ याचा अर्थ २०१७ सालचा पस्तिसावा आठवडा. असा टायर कमी चाललेला असला तरी गच्चीवरच्या उन्हाने त्याचे रबर कडक झालेले असते, तेव्हा त्याच्या नक्षीवर विसंबून राहू नये. दुसरी गोष्ट नटांची. बाहेरून घेतलेल्या अलॉयचे नट आणि पत्र्याच्या रिमचे नट यांची बैठक नेहमी सारखी नसते. अलॉयचे नट पत्र्याच्या रिमवर आवळले तर ते घट्ट वाटतात, पण पन्नास किलोमीटरांत सैल होऊ शकतात. तिसरी गोष्ट ज्यांची गाडी कारखान्यातूनच सतरा इंची चाकांसह आली आहे त्यांच्यासाठी आहे : ब्रेकचा कॅलिपर (ब्रेकची चकती दाबून धरणारा भाग) मोठा असल्यास पंधरा इंची रिम त्यावर बसतच नाही. कोणती लहान मापे चालतात ते गाडीच्या पुस्तिकेत किंवा चालकाच्या दाराच्या खांबावरील स्टिकरवर पाहावे. सतराऐवजी सोळा बसत असेल तर तेवढाही फरक पुष्कळ आहे.

हवेचा हिशेब चुकवणे

चाके बदलणे शक्य नसेल तर निदान हवेचा हिशेब तरी नीट करावा, कारण सर्वाधिक गोंधळ येथेच होतो.

दारावरच्या स्टिकरवर ३२ पीएसआय (पीएसआय हे हवेच्या दाबाचे एकक) लिहिलेले असते, आणि पंपावरचा मुलगा कोणत्याही टायरात तेवढीच हवा मारतो. परंतु तो आकडा कंपनीने दिलेल्या मापासाठी असतो. १९५/६५ आर १५ ९१ या टायरची कमाल भारक्षमता ६१५ किलो असते; शेवटचा ९१ हा भारांक, म्हणजे भारक्षमतेचा सांकेतिक आकडा. २१५/४५ आर १७ हे माप ८७ या भारांकाचे घेतले तर ती ५४५ किलोवर येते, आणि ९१ भारांकाचा जादा भाराचा, म्हणजे एक्सएल टायर घेतला तर क्षमता ६१५ किलोच राहते, पण त्यासाठी आत हवा अधिक लागते. जो भार मूळ टायर ३२ पीएसआयवर उचलतो, तोच उचलण्यासाठी या एक्सएल टायरला साधारण चार-पाच पीएसआय जास्त द्यावे लागतात. पाच माणसे, डिकीत सामान आणि छतावर बॅगा अशी गाडी ३२ वर चालवली तर साइडवॉल आतल्या आत चेपत राहते, आणि पहिल्याच मोठ्या खड्ड्यात ती रिम व रस्ता यांच्यामध्ये चिरडली जाते.

दुसरे कारण थंडीचे आहे. तापमान पाच-सहा अंशांनी उतरले की टायरमधील दाब सुमारे एक पीएसआयने घटतो. बेळगावात दुपारी तीस अंशांवर भरलेली हवा मनालीत पहाटे शून्याखाली पाच अंशांवर मोजली तर पाच-सहा पीएसआयची घट यायला हवी. प्रत्यक्षात गेजवर ती थोडी कमी दिसते, कारण बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटरवर, तर मनाली सुमारे २०५० मीटरवर आहे आणि उंचावर बाहेरच्या हवेचा दाब कमी असल्याने गेज सुमारे दोन पीएसआय जास्त दाखवतो. हा हिशेब डोक्यात ठेवण्याची गरज नाही. स्वतःचा गेज आणि बारा व्होल्टचा लहान पंप जवळ असावा, आणि मुक्कामाच्या ठिकाणी सकाळी गाडी हलवण्यापूर्वी, टायर थंड असताना हवा पाहून ठरलेला आकडा पूर्ण करावा, एवढे पुरे.

बर्फात पकड यावी म्हणून हवा कमी करण्याचा सल्ला ढाब्यावर हमखास मिळतो. वाळूत ती युक्ती चालते. पातळ टायरची हवा डोंगरी रस्त्यावर काढली तर पकड फारशी वाढत नाही; रिम मात्र वाकते.

नक्षी चांगली दिसते म्हणून टायर चालेल असे मानणे

आपल्याकडे विकले जाणारे रुंद व पातळ टायर प्रामुख्याने कोरड्या आणि ओल्या गरम रस्त्यांसाठी घडवलेले असतात. सुमारे सात अंश सेल्सिअसच्या खाली त्यांचे रबर ताठर होऊ लागते आणि नक्षी कितीही खोल असली तरी रबर रस्त्याला चिकटत नाही. साइडवॉलवर एम आणि एस ही अक्षरे असली म्हणजे टायर बर्फाचा झाला, असेही नाही. ती अक्षरे उत्पादक स्वतःच्या जबाबदारीवर लावतो. तीन शिखरांच्या डोंगरात हिमकणाचे चित्र असेल तरच तो टायर बर्फावरच्या चाचणीतून गेलेला असतो, आणि असे टायर आपल्या शहरांतील दुकानांत सहसा ठेवलेले नसतात. नक्षीच्या खोलीची कायद्याची मर्यादा १.६ मिलिमीटर आहे, पण ती बर्फासाठी ठरवलेली नाही. चार मिलिमीटरपेक्षा कमी नक्षी असेल तर बर्फाच्या रस्त्याचा बेत सोडून द्यावा.

साखळ्या तिथेच भाड्याने घेऊ, असे ठरवणे

बर्फ पडल्यावर अटल बोगद्याच्या बाजूला जाण्यासाठी बहुधा फोर बाय फोर (चारही चाकांना इंजिनाची ओढ असलेल्या) किंवा साखळ्या लावलेल्या गाड्यांनाच सोडले जाते, हे माहीत असल्याने अनेकजण मनालीच्या पुढे रस्त्याकडेला मिळणाऱ्या साखळ्यांवर भिस्त ठेवतात. त्या साखळ्या बहुतेकदा उंच टायरच्या जीपगाड्यांच्या मापाच्या असतात. लो-प्रोफाइल टायरवर त्या ढिल्या बसतात, आणि टायरच्या आतल्या बाजूला शॉक अब्सॉर्बर व चाक यांच्यामध्ये बोटभरच जागा असल्यास फिरताना थेट त्यावर आपटतात. माझ्या गाडीच्या पुढच्या उजव्या चाकाजवळची ब्रेकची नळी अशाच साखळीने खरचटली होती. सुदैवाने वेग चालण्याइतकाच होता आणि आवाज ऐकून मी लगेच थांबलो. त्या दिवशी बोगदा पाहायचा राहिला, याची घरच्यांची तक्रार अजून संपलेली नाही.

म्हणून आधी गाडीची पुस्तिका पाहावी. काही गाड्यांत ठरावीक मापाच्या टायरवर साखळी लावूच नये, असे स्पष्ट लिहिलेले असते आणि ते माप बहुधा सर्वांत रुंद व पातळ असते. अशा वेळी टायरवर चढवायचे कापडी आवरण हा पर्याय उरतो. ते जाडीला कमी असल्याने आत अडकत नाही, पण उघड्या डांबरावर लवकर फाटते. साखळी चालणार असेल तर पाकिटावरच्या यादीत आपल्या टायरचे नेमके माप छापलेले आहे याची खात्री करून ती घरूनच न्यावी आणि निघण्यापूर्वी अंगणात दोनदा बसवून पाहावी. बोटे बधिर झालेली असताना, कर्कश हॉर्न मागून वाजत असताना ती कला शिकता येत नाही.

साखळी इंजिन ज्या चाकांना फिरवते त्या चाकांवर लावायची असते. आपल्याकडच्या बहुतेक हॅचबॅक आणि सेडान गाड्यांत ती पुढची चाके होत. मागून ओढ घेणाऱ्या मोठ्या गाड्यांत मागची. लावल्यावर शंभर मीटर जाऊन पुन्हा ताणावी, पाकिटावर दिलेली वेगमर्यादा पाळावी आणि बर्फ संपताच काढावी.

वाटेत दिसणारी लक्षणे आणि त्यांची कारणे

सकाळी टायरच्या दाबाचा पिवळा दिवा लागतो आणि वीस किलोमीटरनंतर विझतो, तेव्हा अनेकजण सेन्सर खराब झाला असे म्हणून सोडून देतात. बहुधा सेन्सर बरोबर असतो. थंड टायरमध्ये हवा कमी असते आणि चालून तापल्यावर तेवढ्यापुरता दाब वाढतो. दिवा विझला तरी दुसऱ्या दिवशी सकाळी हवा भरावी. एकाच टायरची हवा रोज रात्री दोन-तीन पीएसआय उतरत असेल आणि खिळा सापडत नसेल, तर रिमची कड वाकलेली असण्याची शक्यता मोठी. टायरवाल्याला पाण्याच्या टाकीत चाक बुडवायला सांगताना आतल्या कडेकडे लक्ष ठेवायला सांगावे, कारण खड्ड्याचा मार आतल्या बाजूला अधिक बसतो आणि तो उभ्याने दिसत नाही.

साइडवॉलवर फुगा आला असेल तर आतले धागे तुटलेले असतात. त्याची दुरुस्ती होत नाही. कणकुंबीच्या पुढे एका खड्ड्यात चाक आपटल्यानंतर मला असा फुगा तिसऱ्या दिवशी गाडी धुताना दिसला, आणि एका टायरवाल्याने हवा थोडी कमी ठेवून चालवा असा सल्ला दिला. तो ऐकू नये. असा टायर घाटात फुटतो तेव्हा आधी काहीही इशारा देत नाही.

ऐंशीच्या पुढे स्टिअरिंग थरथरू लागले तर बॅलन्सिंगचे शिसे पडलेले, रिम वाकलेली किंवा बाहेरून घेतलेल्या अलॉयच्या मधल्या भोकात बसणारी कडी राहून गेलेली असू शकते. बर्फातून बाहेर पडल्यानंतर अचानक थरथर सुरू झाली, तर गॅरेज शोधण्याआधी उतरून पाहावे : रिमच्या आत चिकटलेला बर्फाचा गोळा काठीने काढला की बहुधा थरथर थांबते. पूर्ण वळण घेताना घासल्याचा आवाज येत असेल आणि तो गाडी भरलेली असतानाच येत असेल, तर टायर मडगार्डच्या आतल्या प्लास्टिकला लागतो आहे. तेथे बर्फ साचल्यावर हे घर्षण वाढते, म्हणून निघण्यापूर्वी घरी पाच जणांना बसवून दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहावे.

स्टेपनीची आठवण टायर पंक्चर झाल्यावर येते. अलॉयच्या गाडीत ती बहुधा लहान मापाची, पत्र्याची आणि ताशी ८० किलोमीटरच्या मर्यादेची असते. पुढच्या ओढीच्या गाडीत पुढचे चाक पंक्चर झाले तर मागचे चांगले चाक पुढे घेऊन स्टेपनी मागे लावावी, म्हणजे साखळी बरोबर मापाच्या चाकावरच राहते.

बाकीची तयारी थोडक्यात : रेडिएटरमध्ये नुसते पाणी असेल तर ते काढून कूलंट व पाणी निम्मे-निम्मे भरावे, काच धुण्याच्या टाकीतही न गोठणारे द्रव घालावे आणि डिझेल गाडीची टाकी थंड भागात शिरल्यावर तिथल्याच पंपावर पूर्ण करावी. रात्री गाडी गिअरमध्ये ठेवून चाकांमागे दगड लावावेत. ओला हँडब्रेक ओढून ठेवला तर सकाळी तो गोठलेला सापडतो.

परत येताना मैदानात उतरल्यावर हवा पुन्हा पाहावी आणि साखळ्या गोड्या पाण्याने धुऊन, वाळवून मगच पिशवीत घालाव्यात. निपाणीपासून पुढे उसाच्या हंगामात दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रात्रीही दिव्यांविना चाललेले असतात. त्यांना चुकवताना पातळ टायरचे चाक रस्त्याच्या तुटलेल्या कडेवरून खाली उतरवू नये, कारण मनालीहून सुखरूप आलेल्या रिम तवंदीच्या घाटाजवळ वाकलेल्या मी पाहिल्या आहेत.