दिवस पुरत नसेल तर आधी या चुका टाळा

भराभर कामं हातावेगळी करणाऱ्या बाईबद्दल आपण म्हणतो, ‘तिच्या हाताला उरक आहे.’ ती किती तास राबते याचा या शब्दात हिशोब नाही, काम संपतं की नाही एवढंच त्यात बघितलं जातं. हिंजवडीतल्या नोकरीची पहिली काही वर्षं मी मात्र तासच मोजत होते. सकाळी आठला कोथरूडमधून निघायचं, रात्री साडेआठला परत, आणि यादीतली अर्धी कामं जिथल्या तिथे. अॅप बदलली, डायऱ्या बदलल्या, पहाटे पाचला उठूनही पाहिलं. चुका कुठे होतायत ते कळल्यावर फरक पडला. त्यातल्या मला महागात पडलेल्या आणि आजूबाजूलाही रोज दिसणाऱ्या चुका इथे सांगते.

चांगल्या दिवसाच्या हिशोबानं आखणी

रविवारी सकाळी कोथरूडहून हिंजवडीला पाऊण तासात पोचता येतं. कामाच्या दिवशी सव्वा तास धरावा लागतो, पाऊस असला तर त्याहून जास्त. तरी मीटिंगची वेळ देताना माझ्या डोक्यात रविवारचाच रिकामा रस्ता असायचा. इतर कामांचंही तसंच. डॅनियल कानेमन आणि एमोस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये या सवयीला ‘प्लॅनिंग फॅलसी’ असं नाव दिलं. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांना प्रबंध किती दिवसांत होईल असं विचारलं होतं. त्यांचा सरासरी अंदाज होता सुमारे ३४ दिवसांचा. सगळंच बिनसलं तर सुमारे ४९ दिवस लागतील, असं त्यांना वाटत होतं. प्रत्यक्षात सरासरी ५५ दिवसांहून थोडे जास्तच लागले. म्हणजे वाईटात वाईट अंदाजही कमी पडला.

म्हणून अंदाज बांधण्यापेक्षा मागची नोंद बघा. नोंद नसेल तर एक आठवडा ठेवा. माझ्या वहीतली एका मंगळवारची नोंद अशी आहे: ‘मासिक अहवाल. अंदाज १ तास. सुरुवात १०.२०. १०.५० आकडे जुळेनात, अकाउंट्सला मेसेज. ११.४० उत्तर आलं. १२.५५ पाठवला.’ एका तासाच्या कामाला अडीच तासांवर वेळ गेला, आणि त्यातली पन्नास मिनिटं नुसती वाट बघण्यात. पुढच्या महिन्यापासून आकडे आदल्या दिवशी दुपारीच मागवून ठेवायला लागले. अहवाल पावणेदोन तासांत होतो. माझा वेग तेवढाच आहे, खोळंबा तेवढा गेला.

आणि आखणी करताना भिंतीवरच्या कालनिर्णयाकडे एकदा बघा. पालख्या पुण्यात मुक्कामाला असतात तेव्हा रस्ते बंद असणार, गणपतीचे दहा दिवस संध्याकाळी उशिरापर्यंत ऑफिसात कुणी थांबणार नाही, हे आपल्याला वर्षभर आधी माहीत असतं. तरीही ऐन गणपतीत डेडलाइन ठेवली जाते आणि मग ‘अचानक अडचण आली’ असं कळवलं जातं.

सगळी कामं एकदम उघडून बसणं

एका शेगडीवर कुकर लावून बाजूला भाजी चिरता येते, कारण शिट्ट्या होईपर्यंत कुकरला आपलं लक्ष लागत नाही. पण एकीकडे पुरणाला चटका देताय आणि दुसरीकडे पाकाची तार बघताय, तर दोन्हीतलं एक बिघडणार. ऑफिसात आपण हेच दुसरं करतो आणि त्याला पहिल्याचं नाव देतो. सोफी लेरॉय या संशोधक बाईंनी २००९ मध्ये दाखवून दिलं, की एक काम अर्धवट टाकून दुसऱ्याकडे वळलं की लक्षाचा काही भाग पहिल्या कामातच अडकून राहतो, आणि दुसरं कामही उणं होतं.

मी स्वतःला घालून घेतलेली मर्यादा तीनची आहे. हातात तीनच कामं, चौथं घ्यायचं तर एक आधी संपवायचं. बाकीची ‘थांबलेली’ या पानावर, शेजारी कुणासाठी थांबलंय आणि कधी विचारायचं ते लिहून. पुढचं पाऊल नेमकं लिहिलेलं असलं की ते काम रात्री डोक्यात घुमत राहत नाही. ‘घरभाडे करार’ असं लिहून काही होत नाही. ‘शनिवारी ११ वाजता एजंटला फोन, आधार कार्ड घेऊन जाणं’ असं लिहावं.

‘हातासरशी’चा चुकीचा अर्थ

ओट्यापाशी उभे आहोत तर हातासरशी दोन भांडी घासून टाकावीत, हे खरं शहाणपण, कारण हात आधीच तिथे आहे. पण सोसायटीच्या ग्रुपवर टँकरचा मेसेज आला म्हणून काम सोडून हातासरशी उत्तर देणं, याला हातासरशी म्हणत नाहीत. तिथे हात दुसरीकडून ओढून आणलेला असतो. मी मेसेज अकरा, दोन आणि पाचला बघते. फार तातडीचं असेल तर फोन करा, असं घरी आणि टीममध्ये सांगून ठेवलंय. पहिल्या आठवड्यात फोन वाढतील असं वाटलं होतं, वाढले नाहीत.

प्रत्येक तास सारखा धरणं

पुण्यातली काही दुकानं दुपारी एक ते चार बंद असतात, यावर लोक खूप बोलतात. मला त्यात समज दिसते. शरीराच्या घड्याळात दुपारी एक उतार असतोच, जेवण हलकं असलं तरी. त्या वेळेत अवघड मजकूर लिहायला बसलं तर संध्याकाळी तो पुन्हा लिहावा लागतो. बिलं, फॉर्म, फाइलींची नावं लावणं, असली कामं तिथे टाका आणि सकाळ राखून ठेवा.

पंचवीस मिनिटांच्या टायमरबद्दलही थोडं: टायमर वाजेपर्यंत एकच काम, मग छोटी विश्रांती. फ्रान्चेस्को चिरिलो या इटालियन विद्यार्थ्यानं १९८० च्या दशकाच्या शेवटी टोमॅटोच्या आकाराच्या स्वयंपाकघरातल्या टायमरवरून ही पद्धत काढली. टाळाटाळ होत असलेलं काम सुरू करायला ती फार चांगली आहे. पण काम रंगात आलेलं असताना टायमर वाजला म्हणून उठू नका.

घरची कामं यादीबाहेर

ही चूक मला सगळ्यात जास्त बोचते. डबा, गिरणीतून दळण, सासूबाईंची डोळ्यांची तपासणी, शाळेचा फॉर्म ही रोज दोन-तीन तासांची कामं ऑफिसच्या कॅलेंडरमध्ये कुठेच नसतात, आणि मग ‘मला वेळ का पुरत नाही’ असा प्रश्न बायका स्वतःलाच विचारत बसतात. आमच्याकडे आता फ्रिजवर एक कागद असतो. प्रत्येक कामापुढे नाव. ज्याचं नाव, त्यानंच ते लक्षात ठेवायचं. नवरा पूर्वी म्हणायचा, ‘अगं, सांग ना, करतो मी.’ पण ते सांगणं हेसुद्धा कामच होतं आणि ते माझ्याकडेच राहायचं. दळण आणि तपासणी त्याच्या नावावर गेल्यापासून मला त्यांची आठवणही ठेवावी लागत नाही.

एवढं सगळं करूनही तीन-चार आठवड्यांत यादी आटत नसेल, तर दोष तुमच्या आखणीत नाही, कामच जास्त आहे. तेव्हा वही घेऊन साहेबांकडे जा. तक्रारीच्या सुरात बोलायची गरज नाही. मी नोंदींचं पान समोर ठेवलं आणि म्हटलं, ‘सर, ही तीन चालू आहेत, प्रत्येकाला इतके तास लागतायत. हे चौथं आजपासून घेते, यातलं कुठलं थांबवू?’ त्यांनी पान दोनदा वाचलं, पेन घेतलं आणि दुसऱ्या ओळीवर काट मारली.